काढा निवेपर्यंत

हे कुणाला पटायचं नाही, पण अंगठ्याएवढ्या एका ग्लासात मी एकदा सत्तावीस वर्षं पाहिली. अगदी तळापर्यंत, आणि वर बोटभर फेस.

ग्लास तसा अंगठ्याहून मोठा होता, चार घोटांचा. पण पाल्हाळच्या तोंडून कुठलीच वस्तू आपल्या मापात बाहेर पडत नसे, म्हणून तर मित्रांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. लाकडी फळीला चार भोकं, भोकांत चार ग्लास, फिकट पिवळ्यापासून थेट काळ्यापर्यंत. तिसऱ्या ग्लासाच्या आतल्या अंगाला फेसाची एक रेघ चिकटली होती. बियर खाली गेली, पण रेघ आपली तिथेच... पाल्हाळ त्या रेघेकडे पाहत राहिला, कारण मान वर केली असती तर समोर घुम्या होता.

दिवसातली ही तिसरी ब्रुअरी. सहल वहिनींनी, घुम्याच्या बायकोने, ठरवलेली. घुम्या रिटायर होऊन तीन महिने झाले होते आणि तीन महिने तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. “भावजी, यांना कुठेतरी बाहेर काढा हो, नाहीतर खुर्चीला पालवी फुटेल,” असं वहिनी फोनवर म्हणाल्या, आणि मग आवाज खाली घेऊन, “आसपास लहान लहान ब्रुअऱ्या निघाल्यात म्हणे. एका दिवसात तीन होतील. गाडी मी चालवते.” त्यांना काय हवं होतं ते पाल्हाळला तेव्हाच कळलं. त्यांना घुम्याचे हात परत हवे होते... आणि ते कुठे हरवले हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता.

सकाळी गाडीत पुढे वहिनी आणि घुम्या, मागे पाल्हाळ आणि दातपाड्या. दातपाड्या म्हणजे दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांचे दात उपटून आता स्वतःची कवळी खिशात बाळगणारा. पाल्हाळने बसल्या बसल्या सुरू केलं, की घुम्याच्या बियर आंबवायच्या यीस्टमध्ये असा जोर होता, असा जोर होता की एकदा बरणीचं झाकण उडून समोरच्या टपाल कचेरीच्या घड्याळावर आदळलं, मोठा काटा अर्धा तास पुढे गेला आणि त्या दिवशी सगळी गल्ली कामावरून लवकर घरी गेली.

“मागच्या वेळी दहा मिनिटं होती, भावजी,” वहिनी आरशातून म्हणाल्या.

“घड्याळ पुढेच जाणार वहिनी, मागे कसं जाईल?”

“याची जीभ एकदा माझ्या खुर्चीत बधिर करायला हवी होती,” दातपाड्या म्हणाला.

घुम्याचे खांदे हलले. तो हसतो तेव्हा आवाज होत नाही, फक्त खांदे हलतात. आणि आयुष्यभर पाल्हाळने एवढ्यासाठीच थापा मारल्या होत्या, त्या खांद्यांसाठी. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हसण्याला काय किंमत? पाल्हाळ न्हावी होता. मानेवर वस्तरा असताना कोण म्हणेल की बाबा रे, तू खोटं बोलतोयस? एकोणचाळीस वर्षं कुणी म्हणालं नाही. माणसाला वाईट सवय लागते त्याने.

पहिली ब्रुअरी जुन्या टायरच्या गॅरेजमध्ये होती. तिथे घुम्याने जाता जाता स्टीलच्या टाकीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. टाकी गार होती. वहिनींनी पाहिलं, पाल्हाळने पाहिलं. आणि दोघांनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं. दुसरी दूध डेअरीच्या मागे. तिथल्या मालकाने बियरमध्ये काकडी घातली होती, दातपाड्याने ती तोंडात घोळवून म्हटलं, “छान. पेशंटला चूळ भरायला देत जा.” सगळे हसले. घुम्याने ग्लास नाकाशी नेला, हुंगला, तसाच खाली ठेवला.

तो पीत नव्हता. तो फक्त हुंगत होता. सत्तावीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्याने हेच केलं होतं — दर तासाला एक नमुना, आणि दर नमुन्यापुढे त्याच्या बारीक अक्षरात तेच: वास नाही, चव नाही, रंग नाही. आपल्या अंगणात चार वर्षं बियरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचे वेल चढवणारा माणूस. बरणीतल्या यीस्टला दर रविवारी साखरपाणी पाजणारा, बसमधून नेताना बरणीला स्वतःचा मफलर गुंडाळणारा... वास नाही, चव नाही, रंग नाही.

आणि ही तिसरी, जुन्या लॉन्ड्रीच्या जागेत. पांढऱ्या फरशा, मध्ये पाणी जायची नाली, भिंतीला वाफेने पडलेले पोपडे. मालकीण तिशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खिशात थर्मामीटर. थर्मामीटरचं टोक खिशाबाहेर डोकावत होतं आणि तिने ती फळी टेबलावर ठेवल्यापासून पाल्हाळ त्याच्याकडे न पाहण्याची शिकस्त करत होता.

घुम्याने आपल्या फळीतला तिसरा ग्लास हुंगला. मग, दिवसात पहिल्यांदा, एक घोट घेतला.

“पाणी जड आहे,” तो म्हणाला.

मालकीण फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. “काय म्हणालात काका? चार महिने मी डोकं फोडतेय की शेवटी जिभेवर हे खडबडीत काय राहतं. माल्ट बदलला, हॉप्स बदलले —”

“पाणी बघा.”

मग ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलीच, आणि दोघं बोलू लागले. म्हणजे ती बोलत होती आणि घुम्या एकेक शब्द खाली ठेवत होता, पण ठेवत होता. वहिनींनी लिंबूपाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पंधरा मिनिटांनी मालकीण म्हणाली, “काका, आठवड्यातून दोन दिवस या ना इथे. पुढची टाकी तुम्ही लावा. मी हाताखाली राहते.”

घुम्याने ग्लास फळीच्या भोकात परत ठेवला.

“नाही,” घुम्या म्हणाला. “माझ्या हाताला यीस्ट जगत नाही.”

“अहो, एकदा झालं ते,” वहिनी म्हणाल्या.

“झाकण सैल राहिलं माझ्याकडून. चार वर्षांचं यीस्ट, एका झाकणापायी नासलं.” आणि त्याने आपले हात टेबलाखाली घेतले.

असे हात टेबलाखाली घेतलेला घुम्या मी, या पाल्हाळने, एकदाच पाहिला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी बियर करायला घेतलेल्या भाड्याच्या शेडमध्ये, तिसऱ्या दिवशी. आधीचे दोन दिवस तो टाकीला कान लावून बसला होता. आत बुडबुडे सुटतात का, फेस धरतो का... आणि आत जवाचा तीनशे लिटर गोड काढा मुकाट नासत होता. “असं कसं झालं रे?” त्याने मला विचारलं. आणि मी म्हणालो, “बरणी उघडली तेव्हाच आंबूस वास आला होता. झाकण सैल होतं बघ.” इतकं सोपं होतं ते. मी आयुष्यात हजार खोट्या गोष्टी सांगितल्या, सगळ्या फुगवून, रंगवून, आणि कुणाला त्यातली एक पटली नाही. ही सांगितली ती न फुगवता. दोन वाक्यांची. ती पटली.

“पाल्हाळ, लेका, सांग ना ती गोष्ट,” दातपाड्याने कोपर मारलं. “सगळ्यांची तोंडं बघ, जशी काय दाढ काढून बसलीत. या बाईंनी कुठे ऐकलीय?”

ती गोष्ट म्हणजे त्याचं हुकमी पान. सत्तावीस वर्षांत किती वेळा सांगितली असेल. घुम्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला, दातपाड्याच्या निरोपसमारंभाला... घुम्याला सावरायलाच सांगतो मी, असं तो स्वतःला बजावत असे. हसू झालं की दुःख हलकं होतं. खरं म्हणजे खोट्यावर सतत काहीतरी टाकत राहावं लागतं, नाहीतर त्याचा वास येतो.

“आता काय आहे बाई,” पाल्हाळने खुर्ची मागे सारली, “हे तुम्हाला पटणार नाही. शेडमध्ये तांब्याची टाकी, एवढी मोठी, की एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला जेवण झाल्यावर ऐकू यायची. हा घुम्या बाटल्या आणायला स्टेशनवर गेलेला. जाताना मला म्हणाला, काढा निवेपर्यंत हात लावू नकोस. निवला, थर्मामीटर पंचविसावर आला, की मग यीस्ट सोड. तेही अर्धंच. आणि शेजारच्या सुतारशाळेतली माणसं आली गोष्ट ऐकायला. सात जण! सात कसले, सत्तर!”

घुम्याच्या खांद्यांकडे त्याने पाहिलं. स्थिर होते.

सात जण. एक लाकडी खोक्यावर बसलेला, एकाच्या कानावर पेन्सिल. मी बुडणाऱ्या जहाजाची गोष्ट सांगत होतो, कप्तान शेवटचा दिवा समुद्रात फेकतो ती. आणि सगळे असे तोंड उघडून... हातात फेकायला काहीतरी हवं होतं. काहीतरी उंच धरायला, आणि मग ओतायला. बरणी जवळच होती. सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. थर्मामीटर मागे खिळ्याला लटकलेला होता; तो मी टाळ्या संपल्यावर टाकीत बुडवला.

“मग?” मालकिणीने विचारलं. तिने हनुवटी हातावर टेकली होती. गोष्टीत शिरलेल्या माणसाचा चेहरा. पाल्हाळने असे चेहरे आरशात एकोणचाळीस वर्षं पाहिले होते.

इथे पुढचं वाक्य ठरलेलं होतं: मी बरणीचं झाकण उघडलं आणि आतून असा काही आंबूस भपकारा आला की भिंतीवरच्या पालीनं नाक दाबलं. पालीवर लोक हमखास हसत. वाक्य ओठांवर होतं. पण टेबलाखाली ते दोन हात होते, आणि समोर वहिनी, लिंबूपाण्याला हात चिकटल्यासारख्या... आणि जीभ, जी आजवर कधी मालकाचं न ऐकता वळली नव्हती, ती वळली.

“मग मी बरणी अशी उंच धरली,” तो म्हणाला, आणि हात वर गेला, “आणि ओतली. सगळीच्या सगळी. आणि वाफ काय विचारता! अशी वाफ आली तोंडावर, की माझा चष्मा धुऊन निघाला, मिशीचा एक आकडा सरळ झाला तो आजतागायत —”

दातपाड्या हसला. एकटाच.

“थांबा, थांबा,” मालकीण सरळ बसली. “वाफ?”

“वाफ म्हणजे... सांगायची पद्धत झाली.”

“नाही काका, वाफेने चष्मा धुऊन निघाला म्हणालात.” तिचा आवाज साधा होता, कुणाला पकडायचा हेतू नसलेला, हिशेब चुकलाय एवढंच सांगणारा. “काढ्यातून इतकी वाफ येत असताना यीस्ट टाकलंत? मग झाकणाचा काय संबंध? यीस्ट चांगलंच असणार. ते टाकीत पडल्या पडल्या भाजून मेलं. तुमच्या हातून.”

 वहिनी घुम्याकडे पाहत नव्हत्या. त्या पाल्हाळकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेत राग अजून पोचायचा होता.

पाल्हाळचा हात अजून वरच होता, हवेत, नसलेली बरणी धरून. तो खाली कसा घ्यायचा हे त्याला सुचेना. निदान एक थाप सुचावी... एकसुद्धा येईना. आत सगळं शांत होतं, कधी नव्हे इतकं शांत, जशी गिऱ्हाईक नसलेली दुपार.

घुम्याचे हात टेबलावर आले. आधी एक, मग दुसरा. त्याने ते उताणे ठेवले आणि बराच वेळ पाहिले, जणू कुणीतरी उसने नेलेले परत आणून दिले होते आणि हेच ते का, याची खात्री करत होता. मग मान वर न करता त्याने विचारलं,

“किती होतं?”

आणि पाल्हाळच्या जिभेवर तो आकडा आला. बहात्तर. सत्तावीस वर्षं तो आत होता आणि एका अंशाने वाढला नव्हता, एका अंशाने निवला नव्हता. तो आता तसाच्या तसा, फेस नसलेला, दातांच्या मागे येऊन उभा होता, आणि त्यात काहीच भर घालावीशी वाटत नव्हती.