शेजारचा ब्रेक

बापाने बाहीने काच पुसली. धुकं बाहेर होतं, आत नव्हतं, हे त्याला पुसून झाल्यावर कळलं.

"चिमण्या, दिसतंय का रे काही?"

"पांढरं दिसतंय," मुलगा म्हणाला.

घाट उतरायला लागल्यापासून दोघं एवढंच बोलले होते. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. टपावर शाळेची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक. बाप तिथला मास्तर. कित्येक वर्षं तो त्या शेजारच्या सीटवरच बसत आला होता. शिकणाऱ्याच्या हातापायांवर नजर ठेवायची, "ब्रेक" म्हणायचं आणि त्याने नाहीच दाबला तर आपला दाबायचा, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्टिअरिंग धरून डोंगर उतरायची वेळ मात्र लग्नानंतर आज पहिल्यांदाच आली होती, आणि शेजारच्या सीटवर मुलगा होता. बायको आधीच माहेरी पोचली होती आणि "मास्तरच गाडी आणतायत, काळजी कसली" असं सगळ्यांना सांगत सुटली होती.

बाप घाबरला होता. एकटा असता तर गाडी कडेला घेऊन बसून राहिला असता. पण कडा कुठे सुरू होतो तेच दिसत नव्हतं, आणि मागून कोणी येऊन धडकलं तर पोराचं काय? थांबायची भीती, पुढे जायचीही भीती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत उतरत राहिली.

"बाबा, तू आज गात का नाहीयेस?"

"घसा बसलाय."

वळणापलीकडे धुक्यातून एकदम ट्रकची पाठ समोर आली. दिवे नाहीत, काही नाही. ट्रक भर रस्त्यात बंद पडला होता.

"ब्रेक," बाप ओरडला.

आणि वाट बघत राहिला. क्षणभरच, पण रोज बघतो तशीच, शेजारच्याने दाबायची.

गाडी गचका खाऊन बंद पडली. ट्रकची फळी बॉनेटपासून हातभर लांब होती. बापाने खाली पाहिलं. त्याचा पाय ब्रेकपर्यंत गेलाच नव्हता. मुलगा पट्ट्याखालून घसरून जवळजवळ खाली गेला होता आणि शेजारच्या ब्रेकवर दोन्ही पाय रोवून बसला होता.

"तू ब्रेक म्हणालास," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

"बरोबर केलंस," बाप म्हणाला. त्याने पोराला वर ओढून जवळ घेतलं.

ट्रकच्या क्लीनरने पुढे उभं राहून हाताने वाट दाखवली. बाकीचा घाट त्यांनी पहिल्या गिअरमध्ये उतरला.

खाली लख्ख ऊन होतं, रस्ता सरळसोट. बापाने दुसरा गिअर टाकला, तरी गाडी काही वेग घेईना. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी रखडत होती. बापाने तिरक्या नजरेने पाहिलं. मुलगा सीटच्या टोकावर आला होता, नजर रस्त्यावर, आणि बुटाचं टोक पेडलवर टेकलेलं. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यांना मास्तर रोज झापायचा.

एक जीप बरोबरीला आली. चालकाने काच खाली केली.

"अहो, मागचे लाल दिवे सारखे लागलेत. ब्रेक अडकलाय, बघा."

"असू दे," बाप म्हणाला, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच राहू दिली.