काही हरकत नाही

गिऱ्हाईक महिनाभर कपडे न्यायला फिरकलं नाही, तरी लाँड्रीवाल्या मावशींचं आपलं एकच, "काही हरकत नाही." कुणी इस्त्रीच्या टेबलावर ओली छत्री ठेवली, काही हरकत नाही. भांडण म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचे यजमान, म्हणजे वस्तीतले काका, म्हणायचे, "घरात चोर शिरला तरी ही त्याला चहा विचारेल."

आणि अशा बाईला वस्तीनं सुनावणीला पुढं केलं!

वस्तीमागची मोकळी जमीन आजवर घरांसाठी राखून ठेवलेली. आता म्हणे तिथं अवजड उद्योगांना परवानगी द्यायची. म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्ट्या, मावशींच्या वाळत घातलेल्या चादरींपासून हाकेच्या अंतरावर. चादरींचं एक वेळ राहू दे, पण काकांची छाती अधू होती. अर्धं आयुष्य भट्टीवरच गेलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा धुरात गेलात तर माझ्या हातात काही नाही. म्हणून तर दोघं जुनं घर विकून इथं आली होती. आता इथून कुठं जायचं? भट्टीशेजारचं घर विकत घ्यायला कुणाचे डोळे फुटलेत का?

सुनावणीत एका वस्तीतर्फे एकानंच बोलायचं, असा नियम. सलूनवाला बोलायला लागला की शिव्यांवर उतरायचा, म्हणून त्यानंच मावशींना गळ घातली. "मावशी, दुखणं तुमच्या घरचं आहे, तुम्हीच बोला. लांबण लावू नका. आमची हरकत आहे, एवढं ठणकावून सांगा की झालं."

मावशी इस्त्री फिरवताना तेच घोकत राहिल्या. आमची हरकत आहे. आमची हरकत आहे. त्या नादात एका पँटीला दुहेरी घडी पडली.

सुनावणीच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मावशींची पाळी आली तेव्हा दुपार कलली होती. पाय भरून आलेले, घशाला कोरड. त्या माइकपाशी गेल्या तर सुनावणी घेणारे साहेब चक्क उभे राहिले. इतका मोठा माणूस आपल्यासाठी उठतो म्हटल्यावर मावशी तिथंच विरघळल्या.

"मावशी, फार ताटकळत ठेवलं तुम्हाला. माफ करा हं."

"अहो साहेब, काही हरकत नाही," मावशी म्हणाल्या.

साहेब हसले. शेजारच्या कारकुनाकडं वळून म्हणाले, "वस्तीच्या प्रतिनिधी म्हणतात, काही हरकत नाही. घ्या लिहून. पुढचे कोण?"

सभागृहात हशा पिकला. साहेब गंमत करताहेत असं वाटून मावशीही हसल्या. हो, त्याही हसल्या! पण शिपायानं माइक उचलून दुसरीकडं नेला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, ही गंमत नव्हे.

"अहो, ते मी थांबण्याचं म्हणत होते! साहेब, आमची हरकत आहे!"

माइकवाचून तो आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नाही. सलूनवाला मागून ओरडला, "बोलू द्या की बाईला!"

"बोलल्या की त्या," साहेब गोड आवाजात म्हणाले, आणि दोघांनी सलूनवाल्याला धरून बाहेर काढलं.

घरी येऊन मावशींनी सगळं सांगितलं तेव्हा काका हसत सुटले. हसता हसता खोकायला लागले. "जाऊ दे गं," दम परत आल्यावर ते म्हणाले, "त्यांचं आधीच ठरलेलं असणार. तू नुसती निमित्ताला सापडलीस." सलूनवालाही तेच म्हणाला. पण त्याच्या बायकोनं कपडे दुसऱ्या लाँड्रीत टाकायला सुरुवात केली, आणि मग एकेक करून बऱ्याच जणींनी.

भट्ट्या पेटल्या. मावशी चादरी घरातच वाळत घालू लागल्या, खिडक्या लावून, फटींत फडकी कोंबून. तरी काळी भुकटी आत यायचीच. काकांना आता खाटेवरून दारापर्यंत जाववत नव्हतं.

एका दुपारी मावशी त्यांना टेकवून बसवत होत्या. काकांनी त्यांचा हात धरला. "फार त्रास देतोय गं मी तुला."

मावशींनी ओठ घट्ट मिटले.

काका धापा टाकत म्हणाले, "म्हण की नेहमीसारखं. ऐकलं की बरं वाटतं."

मावशींनी म्हणायला तोंड उघडलं, पण ते तीन शब्द काही बाहेर पडेनात.