करकोच्याचे पाय

संग्रहालयात त्यांना सगळे पाखरूकाकू म्हणत. मेलेले पक्षी जिवंत दिसतील असे उभे करणं हे त्यांचं काम. कुणी ‘भुसा भरलेला पक्षी’ म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भुशाचा जमाना त्यांच्या गुरूंबरोबरच गेला होता. आता आत तार असे, कापूस असे आणि हलक्या लाकडाचं कोरलेलं धड असे. बाहेर मात्र पक्ष्याचं स्वतःचं कातडं, स्वतःची पिसं. डोळे तेवढे काचेचे.

यंदा त्यांच्याकडे करकोचा आला होता. मोठा, पांढरा, पंखांची टोकं काळी. विजेच्या तारेला लागून मेलेला, पण पिसाला धक्का नाही. उड्डाणाचं नवं दालन उघडायचं होतं आणि संचालकबाईंच्या डोक्यात एक गोष्ट शिरली होती. दारातून आत आलं की आधी पंख असलेलं बी दिसावं, मग चतुर, मग उडायला निघालेला करकोचा, त्याच्यावर छताला टांगलेलं जुनं कापडी ग्लायडर, आणि शेवटी एक यंत्र. त्यात हात घातला की वारा हाताला कसा उचलतो ते कळावं.

“निसर्ग, इतिहास, विज्ञान, सगळ्यांना आपण वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून ठेवलंय,” बाई म्हणायच्या. “इथे सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट सांगायची. जमिनीवरून पाय कसा सुटतो, एवढीच.”

काकूंना ही गोष्ट आवडली होती. फक्त त्यांच्या घरी याच गोष्टीने उच्छाद मांडला होता. लेक ग्लायडर उडवायला शिकली होती आणि आता तिला फार दूरच्या डोंगराळ मुलखात, बचावाची विमानं चालवायला शिकवणाऱ्या शाळेत जागा मिळाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात या दोघीच. “तू हो म्हणालीस तरच जाईन,” असं लेक म्हणाली होती, आणि मनापासून म्हणाली होती, हीच तर पंचाईत. नाही म्हणायला तोंड धजेना, हो म्हणायला जीभ रेटेना. “दालन उघडू दे, मग बघू,” असं म्हणत काकू वेळ मारून नेत होत्या. शाळेला उत्तर मात्र याच आठवड्यात हवं होतं.

त्यांची कामाची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. दुपारी डबा संपला की काकू टेबलावर डोकं टेकून डुलकी काढत. करकोचा आल्यापासून त्या डुलकीत एकच स्वप्न पडे. संग्रहालय रिकामं आहे, छताच्या काचांतून ऊन खाली झिरपतंय, आणि करकोचा दालनादालनांतून तरंगत चाललाय. देवमाशाच्या सांगाड्याखालून तो जातो तेव्हा फासळ्या हळूच फुगतात आणि खाली बसतात. चिलखतांच्या रांगेवरून जातो तेव्हा रिकामी शिरस्त्राणं वर बघू लागतात. घड्याळांच्या खोलीत लंबक त्याला वाट द्यायला थांबतात. पंखांचा आवाज नाही, नुसता वारा, आणि त्या वाऱ्याला उन्हात वाळलेल्या चादरींचा वास. मग भिंती विरून जातात. समोर काकूंच्या घराची गच्ची येते, तिच्या कठड्याशी करकोचा पंख पसरतो, आणि नेमकी तेव्हाच जाग येते. जाग आल्यावरही काकूंना कितीतरी वेळ उगीचच बरं वाटत राही.

त्या तंद्रीतच त्यांचा हात चाले. काम करायची त्यांची पद्धत अशी, की आधी आरशासमोर आपणच पक्षी व्हायचं. हात पसरायचे, मान ताणायची, कुठला सांधा कुठे ओढ घेतो ते स्वतःच्या अंगात शोधायचं, आणि मग तारेला तसा बाक द्यायचा. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबे. “काकू, खाली आलात की घ्या,” म्हणून कप खिडकीत ठेवून जाई. एकेक पीस काकूंनी डोळ्यांत तेल घालून बसवलं. करकोचा दालनात नेऊन ठेवला तेव्हा सुतार नुसताच बघत उभा राहिला, आणि सुतार सहसा कुणाच्या कामाला बरं म्हणणारा नव्हे.

दालन उघडण्याआधीचा या संग्रहालयाचा एक रिवाज होता. सगळ्या पाट्या कागदाने झाकायच्या आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आत सोडायचं. समोर काय दिसतंय ते त्यांनी मोठ्याने सांगायचं. पाटी न वाचता गोष्ट कळली, तर मांडणी पास. नाही कळली, तर पुन्हा कामाला लागा.

सुताराच्या आईने बी बरोबर ओळखलं. रखवालदाराच्या नातीने चतुरापुढे हात हलवून दाखवले. करकोच्यापाशी आल्यावर सगळेच थबकले. काकू खांबाआड जिवाचा कान करून उभ्या होत्या.

“घरी आलाय,” नात म्हणाली.

“दमून आलेला दिसतो गं बाई,” सुताराची आई म्हणाली.

संचालकबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या काकूंच्या लेकीकडे वळल्या. “तू तर उडणारी. तू सांग.”

लेक करकोच्याभोवती एक फेरी मारून आली. तिने करकोच्याकडे पाहिलं, मग खांबाकडे. “उतरतोय,” ती हळूच म्हणाली. “पाय पुढे टाकलेत, शेपूट पसरलंय, अंग मागे रेललंय. वेग कमी करताना असं होतं. निघताना मान पुढे जाते आणि पाय मागे राहतात.”

काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. रोज बघत होत्या, रोज झाडत होत्या, आणि दिसलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पक्षी न बघता स्वतःच्या मनातलं बघून पक्षी केला होता. आणि ते मन काय मागत होतं ते आता सगळ्यांसमोर पंख पसरून उभं होतं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण लेकीलाही ते कळलं होतं.

“काकू, त्याला हात लावू नका,” संचालकबाई मायेने म्हणाल्या. “इतका देखणा झालाय. पाटीच बदलते मी. उतरणारा करकोचा, असं लिहू.”

“आणि वरचं ग्लायडर?” काकूंनी विचारलं. “हाच खाली उतरला तर ते कुणाकडे बघून निघालं म्हणायचं? गोष्ट इथेच अडते, बाई.”

त्यांनी करकोचा परत खोलीत नेला. शेपूट मिटलं, मान पुढे घेतली. पाय ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवले आणि दुसऱ्या दुपारी कातडं मऊ पडलं. आता धड तोलून धरायला कुणीतरी हवं होतं. लेक आपणहून आली आणि तिने करकोचा तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला. खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक पिसं तरंगत होती.

“पाटी बदलली असती तरी चाललं असतं, आई. लोकांना आवडला होता.”

“मलाही आवडला होता. म्हणूनच तर झालं हे.” काकूंनी पहिला पाय हलकेच मागे वळवला. आतली तार करकरली. “तू जावंस असं मला वाटत नाही. अजिबात वाटत नाही. सकाळी उठून हाक कुणाला मारू, तेच कळत नाही. एकदा सांगून टाकते, पोटात राहायला नको.”

“मग नाही जात मी.”

“जा,” काकू म्हणाल्या. “आजच कळव त्यांना.”

दुसरा पाय हट्टी निघाला. काकूंनी वरचा सांधा धरला, तार जोर लावून ओढली, आणि तोही मागे गेला. कातडं सुकायला लागेपर्यंत दोन्ही पाय तसेच ताणून धरणं भाग होतं. काकूंच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं. लेकीलाही दिसेनासं झालं होतं. तिचे हात करकोच्याच्या धडाखाली होते, काकूंचे त्याच्या पायांवर, आणि डोळे पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.