कुळवलेलं वर्तुळ

सायकलचा आरा भेगेत घातला तो बोटांतून निसटला. खाली टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. धम्मशीला पालथीच होती. तिने गाल जमिनीला लावून आत पाहिलं. नुसता काळोख होता.

"गेला," ती म्हणाली.

"जाऊ द्या की! दुसरा देतो," मागे उभे असलेले रेवणप्पा म्हणाले. "पाहिजे तर अख्खी सायकल देतो. पण रान चांगलं हाय, एवढं म्हना."

रेवणप्पा लातूरचे कापड व्यापारी. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर पांढरंशुभ्र धोतर आणि खांद्यावर उत्सव समितीचं अध्यक्षपद. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्याला सगळ्याच गोष्टींची घाई होती. त्यातच यंदा पावसाने दगा दिला. रब्बी हातची गेली, तळी आटली, गावोगाव टँकर आणि गुरांच्या छावण्या सुरू झाल्या. अशा वर्षी सव्वीस जानेवारीला माणसांनी एकदा तरी मान वर करून बघावं, असं रेवणप्पांनी मनावर घेतलं होतं. म्हणून विमानातून उडी, आणि तीही मराठवाड्यातल्याच पोरीची.

पोरगी इस्लापूरची. नांदेडच्या वसतिगृहात राहून तिने फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं. एनसीसीतून आग्र्याला जाऊन पाच उड्या मारून आली होती. उद्याची सहावी. पहिल्या पाच फक्त फौजेच्या लोकांनी पाहिल्या. ही आई-बाप पाहणार होते. किनवट तालुक्यातून दोघंही आदल्या दिवशीच निघाले होते.

पण एक अट होती. नांदेडच्या धावपट्टीवर पॅराशूटच्या छत्र्या आणि विमान सांभाळणारे सुभेदार नरसिंग हे निवृत्त छत्रीधारी सैनिक. उतरायची जमीन आदल्या दिवशी कुणीतरी पायी फिरून पाहिल्याशिवाय ते विमान हलवत नसत. या वेळी ते काम त्यांनी मुद्दाम धम्मशीलालाच दिलं होतं.

"ज्याला उडी मारायचीच असते त्याला सगळी जमीन सपाट दिसते," ते म्हणाले होते. "तुला कशी दिसते ते बघू. खराब असली तर सांगायचं. मग उडी नाही. ना तुझी, ना कुणाची."

आणि जमीन खराब होती. लातूरजवळच्या आटलेल्या तळ्याच्या वरच्या अंगाचं हे काळं रान लांबून पाटासारखं सपाट दिसे. जवळ गेल्यावर कळे की ते सगळं फाटलेलं आहे. काही भेगांत हात कोपरापर्यंत जाई.

"ह्यात काय एवढं?" रेवणप्पा म्हणाले. "तुमी छत्रीनं येणार. हळूच. फुलावानी."

"फुलासारखं नाही, काका. छातीएवढ्या भिंतीवरून उडी टाकल्यासारखं." तिने दोन्ही पाय जुळवून दाखवले. "पाय असे जोडून टेकायचे आणि लगेच कुशीवर लोळायचं. म्हणजे दणका सगळ्या अंगात वाटला जातो. आता लोळताना एक पाय भेगेत असला तर? मी पुढं जाणार, पाय तिथंच राहणार."

रेवणप्पांनी आपल्या पायाकडे पाहिलं आणि तो भेगेपासून थोडा लांब घेतला. पण माणूस हार मानणारा नव्हता.

"मग मी काय म्हन्तो, आपण पानी मारू. टँकर सांगितलाच हाय. पाहुणे यायचे तर सडा टाकायलाच पाहिजे. पानी पडलं की भेगा मिटत्यात."

टँकर खरंच तळ्याच्या बांधावर येऊन उभा होता. त्याच्यामागे घागरी घेऊन बायकांची रांग लागली होती. त्यांना वाटलं, गावासाठीच आलाय. त्या रांगेतून एक उंच, सावळी बाई तरातरा चालत आली. चांगुणाबाई. रान तिचंच.

"सडा?" ती कडाडली. "माज्या रानात सडा? घरात हंडा पालथा पडलाय, रेवणप्पा, आन तुमी ढेकळाला आंघोळ घालायलाव?"

"अगं अव्वा, एक दिसाचा तर प्रश्न हाय—"

"एक लोटा द्या मला," धम्मशीला मधेच म्हणाली. "एकच."

चांगुणाबाईने लोटा दिला, पण तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्या कुणी लोटा परत दिला असता. धम्मशीलाने तो हळूहळू एका भेगेच्या तोंडावर ओतला. कडा भिजल्या, फुगल्या, चिकट होऊन एकमेकींकडे सरकल्या. बघता बघता भेगेचं तोंड मिटलं. वरून हात फिरवला तर गुळगुळीत.

"बघा! मिटली!" रेवणप्पा खूश झाले.

तिने शेजारी उभ्या सायकलचा, रेवणप्पांनी कबूल केलेला, दुसरा आरा सोडवून घेतला आणि त्याच जागी टेकवला. किंचित दाब दिला. आरा लोण्यात जावा तसा आत गेला, आणि पुढे पोकळ. या वेळी तिने टोक घट्ट धरलं होतं.

"फक्त तोंड मिटलं. पोट रिकामंच आहे. आधी भेग दिसत तरी होती. आता दिसणारही नाही. पाणी मारलंत तर मी उतरणार नाही, काका. न मारलेल्या रानात निदान कुठं पाय ठेवू नये एवढं तरी कळतं."

"माजा लोटा गेला तो गेला," चांगुणाबाई म्हणाली, पण आवाज उतरला होता. "मग आता? विमान परत?"

धम्मशीला उठून उभी राहिली. पुढ्यात पसरलेलं रान तिने डोळ्यांनी मोजलं. बापाच्या मागे कुळवाच्या तासात चालत ती मोठी झाली होती.

"कुळवाची पाळी घालायची," ती म्हणाली. "आडवी आणि उभी. कुळवानं वरची माती खरवडली की ती भेगांत पडते, भेगा गच्च होतात, आणि वर चार बोटं भुसभुशीत राहते. तुमच्याही फायद्याचं आहे, मावशी. उघड्या भेगांतून रानातली उरलीसुरली ओल उडून जायली."

"ते मला ठावं न्हाई व्हय? मग घातली का न्हाई पाळी, इचार की!" चांगुणाबाईने छावणीकडे हात केला. "बैलाच्या फासळ्या मोजून घे जा. कुळव वढायचा का कडब्याची वाट बघायची त्यानं? आभाळातून पडायला शिकलीस बाई, आन ढेकळात पडायला भ्यालीस!"

बायका हसल्या. धम्मशीलाही हसली. "हाव, भ्याले. भ्याले म्हणूनच पाचदा धड उतरले."

मग ती रेवणप्पांकडे वळली. "काका, तुमचा टँकर छावणीच्या हौदात आणि ह्यांच्या घागरींत जाईल. आणि बैलांना आत्ता कडबा पाहिजे. गाडीभर."

रेवणप्पांनी टँकरकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. एवढ्या बायका एकदम आपल्याकडे बघतायत हे त्यांच्या ध्यानात आलं. "आणतो," ते म्हणाले.

दुपारपर्यंत छावणीतल्या चार जोड्या कुळवांना जुंपल्या गेल्या. जमीन अशी कडक होती की कुळव नुसता घसरत जाई. वजनासाठी त्यावर दगड ठेवले, तेही पुरेनात. शेवटी गावातली माणसं पाळीपाळीने कुळवावर उभी राहिली. धम्मशीलाने रानाच्या मध्यात खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि टाच ओढत मोठं वर्तुळ आखलं. ह्याच्या बाहेर वाऱ्याने नेलं तर गोष्ट वेगळी, पण आतल्या हातहातभर जागेवर तिला भरवसा हवा होता. कुळवलेला पट्टा झाला की ती आरा टोचून बघे, टाच आपटून बघे आणि मगच पुढे जाई.

उन्हं कलली तेव्हा उगवतीकडचं अर्धं वर्तुळ काळंभोर झालं होतं. मावळतीकडचं अर्धं तसंच, राखी आणि फाटलेलं. बैल थांबले होते. त्यांना आणखी हाकणं पाप होतं, आणि धम्मशीलाला नांदेडची एस.टी. गाठायची होती. विमानात बसायचं तर नांदेडलाच.

"पूर्ण झालं म्हणून सांगा," रेवणप्पा जीपपाशी हळूच म्हणाले. "सुभेदार कुठं रान बघायला येणार हायत?"

"ते नाही. मी येणार आहे ना."

"बरं, मग मी पहाटं तेवढ्या भागावर टँकर फिरवतो. वरून सगळं सारखंच काळं दिसंल."

"काका!"

"राह्यलं, राह्यलं," ते म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

पहाटे धावपट्टीवर सुभेदारांनी तिचे पट्टे एकेक ओढून पाहिले. पाठीवरची मोठी छत्री तिने स्वतः घडी घातलेली होती. छातीवरची राखीव त्यांनी. "जमीन?" त्यांनी विचारलं.

"अर्धी. उगवतीची बाजू पक्की आहे. मावळतीची नाही."

त्यांनी छातीवरच्या छत्रीचा पट्टा आणखी एकदा ओढला. "अर्ध्या वर्तुळात चुकायला जागा नाही," ते म्हणाले. "वारा पडलेला असला तरच. नाहीतर हात हलवायचा आणि घरी यायचं. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. आई-बाप आत्ता तळ्याच्या बांधावर बसले असतील, हे मनात आलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

विमान छोटं, दार काढलेलं. लातूरवर येईपर्यंत गारठ्याने बोटं बधिर झाली. खाली बांधावर रंगीबेरंगी गर्दी दिसली. सुभेदारांनी दारातून रंगीत कागदाची लांब पट्टी सोडली. वारा कुठे नेतो ते अशा पट्टीवरून कळतं. पट्टी वळवळत खाली गेली आणि सरकत सरकत मावळतीच्या अंगाला पडली.

म्हणजे वारा होता. थोडा, पण नेमका चुकीच्या बाजूला. सुभेदारांनी मान हलवली आणि खाली पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"काल अर्धं म्हणालीस ना?" ते इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले. "हे तर पूर्ण काळं दिसतंय!"

धम्मशीला दारापाशी सरकली. खरंच, वर्तुळ पूर्ण होतं. मावळतीची बाजूही काळी.

"पाळी का पाणी?" सुभेदारांना तिने टँकरची गोष्ट सांगितली होती.

पाळी म्हटलं असतं तर झालं असतं. जिभेच्या टोकावर तोच शब्द होता. भिजलेली काळी माती आणि कुळवलेली काळी माती, इतक्या उंचीवरून दोन्ही काळीच. आणि काल संध्याकाळचा रेवणप्पांचा चेहरा तिला आठवत होता.

"माहीत नाही!" ती ओरडली.

"मग?"

"मग नाही! पण एक फेरी खाली घ्या. ऊन समोर ठेवून!"

वैमानिकाने विमान वळवलं, खाली आणलं. पाणी असतं तर तिरप्या उन्हात चमकलं असतं. चमक नव्हती. पण पहाटेचं पाणी आतापर्यंत मुरलंही असेल. एवढ्यावर पाय ठेवणं तिला पटेना. ती बारकाईने बघत राहिली. आणि वर्तुळाच्या अगदी मावळतीच्या कडेला तिला मुंगीएवढं काहीतरी सरकताना दिसलं. बैलजोडी. कुळव. आणि कुळवामागे लांबलचक, मातकट, वाऱ्यावर तिरपी होत जाणारी शेपटी.

"धूळ!" तिने सुभेदारांचा दंडच पकडला. "धूळ उडतेय! ओल्या रानात धूळ उडत नाही!"

सुभेदारांनी डोळे बारीक करून पाहिलं. त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. "बैल बाहेर निघू देत आधी."

विमान पुन्हा वर चढलं, आणखी एक फेरी झाली. बैल बांधाला जाऊन उभे राहिले. सुभेदारांनी तिची छत्री उघडणारा दोर विमानाच्या कडीत अडकवला, ओढून पाहिला, तिलाही ओढून पाहायला लावला. मग खांद्यावर थाप.

ती गेली.

एक हिसका बसला आणि आवाज सगळे बंद झाले. तिने वर पाहिलं: घेर गोल, भरलेला, एकही दोर गुंतलेला नाही. मग खाली. वारा तिला मावळतीकडे नेत होता, तिने नेऊ दिलं. फक्त एका अंगाचे पट्टे ओढून कड टाळली. काळी माती वर येऊ लागली. पाय जुळवले, गुडघे सैल, नजर समोर. दणका. लोळण. तोंडात माती.

ती उठून बसली. दोन्ही पाय हलवून पाहिले. दोन्ही तिचेच होते.

बांधावरून आरडाओरडा करत गर्दी सुटली. सगळ्यांच्या आधी चांगुणाबाई पोचली, आणि तिने पहिल्यांदा पाहिलं ते रानाकडे.

"घाल, घाल लोळण. रातभर माजं डोळ्याला डोळा न्हाई. रान अर्धं ठिवून झोप येती व्हय मानसाला?"

"मावशी, कधी घातली पाळी?"

"कोंबडं आरडायच्या आदी. कडबा खाऊन बैल जरा तरतरीत झाले. हे आले टँकर घिऊन." तिने मागे अंगठा केला. "टँकर छावणीवर धाडला, आन ह्यांना म्हणलं, चढा कुळवावर. दगडापेक्षा तुमी बरे."

मागून हार घेऊन धापा टाकत रेवणप्पा येत होते. धोतर गुडघ्यापर्यंत काळं, विभूतीच्या पट्ट्यांवर धुळीचा थर, मिशा मातकट. आयुष्यात पहिल्यांदाच कुळवावर उभे राहिलेले असावेत. चालताना अजून पाय फाकत होते.

"धड हायत ना?" त्यांनी विचारलं. "पाय?"

"आरा आहे का, काका?"

रेवणप्पांनी सदऱ्याच्या खिशातून आरा काढून दिला. कालपासून तो त्यांच्याकडेच होता. धम्मशीला गुडघ्यावर बसली. तिच्या टाचांनी जिथे खड्डे पाडले होते तिथे तिने तो टेकवला आणि दाबला. भुसभुशीत मातीतून चार बोटं गेला. तिने अंगाचा भार दिला. आरा हलला नाही.

"टेकला," ती म्हणाली.

मग बायकांनी छत्रीच्या कडा धरून वर उचलल्या, माती लागू नये म्हणून, आणि ओलं लुगडं दोघींनी पिळताना जसं धरतात तसं धरून त्या घडी घालायला लागल्या. धम्मशीलाचे आई-बाप गर्दीतून वाट काढत येत होते. छत्रीची घडी अशी नसते; एरवी धम्मशीला थांबवायला धावली असती. आज मात्र तिने ती घालू दिली. नांदेडला गेल्यावर ती उलगडून पुन्हा घालायचीच होती.