गंगेवर सुरी

मृणालिनी केकवर देव काढत नसे. गणपती नाही, शिवलिंग नाही, पादुका तर नाहीतच. दूधविनायक मोहल्ल्यातल्या तिच्या घरी ऑर्डर द्यायला येणाऱ्याला ती हे आधीच सांगे. देव कापायला कोणी धजत नाही आणि केक तसाच वाया जातो, हे तिनं एकदा पाहिलं होतं.

त्या रविवारचा केक मदतीसाठी होता. नदीपलीकडच्या रामनगरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेला वर्षभर गाडी लावायची म्हणून महिला मंडळानं कार्यक्रम ठेवला होता. केकचा तुकडा घ्यायचा आणि ऐपतीप्रमाणे पेटीत टाकायचं. मृणालिनीची सात वर्षांची हिमानी त्याच शाळेत होती. रोज दोन ऑटो बदलून, पूल ओलांडून मृणालिनी तिला नेई आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच बसून राही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून ते जमेना. गाडी ठरली नाही तर हिमानीची शाळा कायमची बंद होणार होती.

या केकवर तिनं अमृतराव घाट उभा केला. फॉन्डंटच्या, म्हणजे साखरेच्या लगद्याच्या पायऱ्या, प्रत्येकीची कड पट्टीनं मोजलेली. समोर दोन हात लांब नदी. निळा रंग तिनं टाळला. खिडकीतून दिसतो तसा हिरवट राखाडी जमेपर्यंत तिनं क्रीम चार वेळा नव्यानं घोटलं.

प्रमुख पाहुणे ढुंढिराजकाका, तिचे चुलत सासरे, वेदपाठशाळेतले निवृत्त गुरुजी. त्यांनी सुरी घेतली, वाकले आणि थांबले.

"सूनबाई, ही कोण?"

"गंगा, काका."

"मग सुरी का दिलीस माझ्या हातात?"

मंडळाची अध्यक्ष संपदा पुढं झाली. "काका, तिच्यातून दिवसभर बोटी जातात की!"

"बोट तरंगते. सुरी चिरते."

"अरे चाचा, केक ही तो है!" मागून एक कॉलेजातला मुलगा ओरडला. आईनं त्याला शर्ट धरून खाली बसवलं.

काकांनी सुरी संपदाला दिली, संपदानं शेजारणीला. पाच हात फिरून ती टेबलावर परत आली. "मी नाही बाई, मला सुना आणायच्यात अजून," शेवटची म्हणाली. लोक हसले, पण पेटीकडे कोणी गेलं नाही. दोघे-तिघे चपला शोधू लागले.

मृणालिनीला चूक कळली. देवांची यादी करताना नदी तिला सुचलीच नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती तिच्यासाठी खिडकीतलं पाणी होती.

"काका, गंगा घरी कशी नेतात?"

"भरून. तांब्यात, लोटीत."

"आणि पितात?"

"तीर्थ आहे. पिणारच."

कोपऱ्यात चहासाठी मातीची कुल्हडं रचलेली होती. मृणालिनीनं एक उचललं, नदीच्या मधोमध पालथं धरलं, तळापर्यंत दाबलं आणि फिरवून वर काढलं. स्पंज, क्रीम सगळं आत भरून आलं. नदीत भोक पडलं, भोवतालचं क्रीम फाटलं. फोटो काढायचा राहिला होता.

"घ्या. भरून आणलीय."

काकांनी कुल्हडात डोकावून पाहिलं. "वकिलाची मुलगी शोभतेस," ते म्हणाले. उभ्या उभ्या त्यांनी अर्धं संपवलं, मग पेटीपाशी गेले.

त्यानंतर रांग लागली. प्रत्येकाला आपलं आपण भरून घ्यायचं होतं. "काठानं घे गं, मध्ये खोल आहे!" कोणी म्हणालं. तासाभरात नदीचा चिखल झाला. पायऱ्या तेवढ्या उरल्या. त्यांवर सुरी चालवायला काकांची हरकत नव्हती. "घाट माणसांनी बांधलाय," ते म्हणाले, आणि एक पायरी स्वतः कापून हिमानीला दिली.

संपदा पेटी घेऊन आतल्या खोलीत गेली. ती बाहेर आली तेव्हा खुर्च्या उचलून झाल्या होत्या.

"लागली गाडी," ती म्हणाली.

"कुठून सुटेल?"

"मैदागिनच्या चौकातून. गल्लीत नाही शिरायची. साडेसातला उभी राहा, उशीर करू नकोस."

मृणालिनीनं मान हलवली आणि केकची फळी खरवडायला घेतली.