नणंदेच्या शेळ्या आणि समितीची टेकडी

तिसऱ्यांदा टेकडीवरची रोपं शेळ्यांनी फस्त केली, तेव्हा वहिनीने हातातला पाण्याचा डबा तिथेच आपटला. गावाच्या झाडसमितीची ती प्रमुख. चार वर्षं पावसाने दगा दिला, विहिरी आटल्या, निम्मं गाव कामासाठी शहरात गेलं. उरलेल्यांच्या मागे लागून तिनेच सहाशे खड्डे खणून घेतले होते. आता प्रत्येक खड्ड्यात एक बोडकी काडी.

शेळ्या कुणाच्या, हे शोधायला नको होतं. सख्ख्या नणंदेच्या!

वहिनी तडक तिच्या दारात गेली. नणंद धार काढत बसली होती.

“वन्सं, हात जोडते तुमच्यापुढे. शेळ्या बांधून ठेवा म्हणून कितीदा सांगायचं?”

“ठेवते की. खायला तू घालणार?”

“अहो, झाडं वाढली की पाणी मुरेल. तुमच्याही विहिरीला येईल!”

“येईल तेव्हा येईल. ह्यांना भूक आज लागते. कुठली झाडं लावायची, ते आम्हा शेळीवाल्यांना कुणी विचारलंत?”

विचारलं नव्हतं. तालुक्याच्या वन कचेरीने पाठवली ती लावली, पंचवीस वर्षांनी लाकूड देणारी. वहिनी आणखीच भडकली. घरी नवऱ्याने नुसतं “काय झालं?” म्हटलं, तर त्यालाच झाडलं, “तुमची बहीण आहे, तुम्हीच निस्तरा!”

समितीच्या बैठकीत ती तावातावाने उठली. “पुढची रोपं वन्सं निवडतील. राखणही त्याच करतील. बघू दे त्यांनाही, कसं वाटतं ते.”

नणंद माघार घेईल असं तिला वाटलं होतं. पण नणंद म्हणाली, “करीन. पण खालचा अर्धा उतार चाऱ्याच्या झाडांचा. वर लावा तुमचं लाकूड. फांद्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांत वाटायच्या.”

आणि मग जो ताप सुरू झाला! नणंद दिवसभर काठी घेऊन टेकडीवर. कुणाची शेळी चढली की मालकिणीचा सगळ्यांदेखत उद्धार. पाणी घालणाऱ्यांच्या चुका काढायच्या. रोज कुणीतरी वहिनीकडे गाऱ्हाणं घेऊन यायचं, आणि ती कपाळाला हात लावायची.

त्या वर्षीही पाऊस कमीच झाला. तरी नव्याने लावलेल्या सहाशेतली चारशे रोपं जगली. दोन वर्षांत खालची झाडं डोक्याच्या वर गेली, शेळ्यांचं दूध वाढलं. कामाला गेलेलं एक जोडपं परत आलं आणि त्याने चार शेळ्या घेतल्या. विहिरींचं पाणी मात्र अजून तळालाच होतं.

एका सकाळी वहिनी स्वतःच्या नव्या शेळीसाठी फांदी तोडायला गेली. मागून आवाज आला, “कोयता खाली ठेव.”

“वन्सं, अहो, मी प्रमुख आहे समितीची!”

“असशील. वाटप परवा आहे.”

वहिनी रिकाम्या हाताने, तोंडातल्या तोंडात पुटपुटत टेकडी उतरली. वाटपाच्या दिवशी ती रांगेत सगळ्यात पुढे उभी होती.