तीस हजार रेषा आणि एक बोट हळद

माझ्या अंगावर तीस हजार रेषा आहेत. इंचाला पंधरा हजार, आणि मी दोन इंच रुंद. शिवाय पाठीवर चिकटवलेला एक क्रमांक, कडेला दोन चरे आणि डाव्या कोपऱ्यात हळदी-कुंकवाचा एक ठिपका. एवढीच माझी मालमत्ता. आरशासारखी चकचकीत, रेषा कोरलेली काच मी; मला ग्रेटिंग म्हणतात, मित्रांनो. नाशिकरोडच्या एका महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या कपाटात मी आता म्हातारी होत आले आहे.

माझे काम सोपे आहे. प्रकाश अंगावर पडला की मी त्याचे रंग वेगळे करून पसरवते. प्रत्येक पदार्थ त्या रंगपट्ट्यात आपापल्या ठरलेल्या जागी रेषा उमटवतो. त्या रेषा वाचता आल्या की तिथे न जाताही तिथे काय आहे ते कळते.

मी १९९३ साली इथे आले. पहिली काही वर्षे माझा मोठा मान होता. सोडियमच्या दिव्याच्या दोन पिवळ्या रेषा मी शेकडो मुलांना दाखवल्या. निम्म्यांची उत्तरे गेल्या वर्षीच्या जर्नलमधून यायची, पण माझ्यावर राग कोणाचाच नव्हता. मग लेसर आला आणि मी कपाटात गेले. माझी आठवण फक्त प्रयोगशाळेचे शिपाई खंडेराव यांना राहिली. दर खंडेनवमीला ते सगळ्या यंत्रांची पूजा करत. माझ्या लाकडी पेटीवर एक बोट हळद, एक बोट कुंकू आणि एक झेंडूचे फूल ठेवत.

२००३ साली तेजस्विनीने मला बाहेर काढले. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. सूर्यावरच्या काळ्या डागांत रेणू असतात का, हे तिला स्वतः मोजून पाहायचे होते.

"सूर्यावर रेणू?" विभागप्रमुख निकम सर हसले. "अगं, तिथे लोखंडाचीसुद्धा वाफ होते. रेणू टिकेल?"

"डाग बाकीच्या पृष्ठभागापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड असतो, सर. तिथे मॅग्नेशियम आणि हायड्रोजन एकमेकांना धरून राहू शकतात."

"दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मला त्यांच्या रेषा दाखव. नाहीतर मुकाट्याने तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजायला घ्यायची. पाच वर्षांचे आकडे तयार आहेत."

ऑक्टोबर संपता संपता सूर्यावर प्रचंड डाग आले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने गच्चीत आरसा बसवला आणि ऊन खालच्या अंधाऱ्या खोलीत घेतले. भिंगातून सूर्याचे बोटभर रुंद चित्र एका बारीक फटीवर पडले. फटीतून आलेला प्रकाश माझ्यावर, आणि माझ्यावरून कॅमेऱ्यात. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे सगळ्यात मोठा डाग पाच-सहा दिवसांत काठाआड जाणार होता.

तिने चौदा फोटो घेतले. डागातला पट्टा आणि डागाबाहेरचा पट्टा, दोन्ही सारखेच पांढुरके आले. तिने खोलीतला दिवा लावून मला निरखले आणि खंडेरावांना हाक मारली.

"मामा, ग्रेटिंगला हळदी-कुंकू कुणी लावलं?"

"मीच की," खंडेराव म्हणाले. "दरसाल पेटीला लावतो. औंदा तुमचं काम हिच्यावर हाय ना ताई, म्हटलं पेटी उघडून नीट लावावं. बिघडलं काय?"

तेजस्विनीला रडावे की हसावे ते कळेना. ठिपक्यावर पडलेला प्रकाश वाटेल तसा विखरत होता आणि रंगपट्ट्यातल्या बारीक काळ्या रेषांवर सांडत होता. खंडेरावांनी घाईने रुमाल काढला.

"मामा, हात मागे! पुसलं तर रेषाच जातील!"

खंडेरावांचा हात तसाच हवेत राहिला. नवी ग्रेटिंग यायला तीन महिने लागले असते. रुमाल परत खिशात गेला. मग खंडेराव हळूच म्हणाले, "पुसायचं नाय, तर तेवढंच झाकलं तर?"

तेजस्विनीने वही ओढली. ठिपका एक सेंटिमीटरच्या आत होता. तेवढी पट्टी झाकली तर सहा हजार रेषा जात होत्या, चोवीस हजार उरत होत्या. "पुरतील, मामा!" ती ओरडली. "फक्त फोटोला पाऊण मिनिट लागेल. तेवढा वेळ डाग फटीवरून हलता कामा नये."

"ते माझ्याकडं लागलं."

फोटोचा कागद ज्या काळ्या वेष्टनात येतो, त्याची पट्टी खंडेरावांनी कापली आणि मला स्पर्श न करता माझ्यापुढे उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, आकाशात सरकणाऱ्या सूर्याबरोबर आरसा फिरवायला, ते गच्चीत आरशाच्या स्क्रूपाशी बसले. फटीवरचा डाग त्यांना दिसत नव्हता, म्हणून तेजस्विनी खालून सांगायची.

"मामा, तयार?"

"थांबा. एकलहऱ्याच्या वीजघराच्या चिमण्यांचा धूर वाकडा हाय. हवा हलती." थोड्या वेळाने वरून हाक आली, "सरळ झाला! घ्या!"

"डावीकडे... किंचित... बास. आता तसंच फिरवत राहा." पाऊण मिनिट त्यांनी श्वासही जपून घेतला असावा. असे नऊ फोटो झाले. दहाव्याला ढग आला.

मित्रांनो, मी जुनी आहे, पण माझे म्हणणे एवढेच आहे. माझ्यासारख्यांच्या तोंडाला बोट लावू नका, कडांनी धरा. आणि चुकून लागलेच, तर रुमाल काढण्याआधी कोणाला तरी सांगा. माझा ठिपका अजून तसाच आहे. तेजस्विनीने तो साफ करून घेतला नाही. पेटीच्या झाकणाला आतून तिने ती काळी पट्टी डकवून ठेवली आहे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी निकम सर स्वतः सूक्ष्मदर्शकापाशी बसले. चष्मा कपाळावर सरकवून ते दोन तास फिल्मवरच्या रेषा मोजून पुस्तकातल्या यादीशी ताडत होते आणि खंडेराव दारात उभे होते. सरांनी तेजस्विनीच्या वहीत आपल्या हाताने नोंद केली आणि खाली सही केली:

पट्टा: तरंगलांबी ५१६० ते ५२११ अँगस्ट्रॉम. मॅग्नेशियम हायड्राइडच्या जुळलेल्या रेषा: डागाबाहेर तीन, डागात एकोणीस.